सूर्यप्रकाशाचा कारभारी
(फिरत्या घरासाठीं चार्ज कंट्रोलरची निवड)

आपल्या घरीं बटण दाबलें कीं दिवा लागतो. ही वीज कोठून आली, किती आली आणि उद्यां पुरेल कीं नाहीं, याचा विचार करण्याचें आपणांस सहसा कारण पडत नाहीं. परंतु ज्याचें घरच चाकांवर आहे, आणि ज्याचा मुक्काम आज एका रानांत तर उद्यां दुसऱ्या माळावर पडतो, त्यास हा हिशेब रोज संध्याकाळीं मांडावा लागतो. अमेरिकेंत अशीं फिरतीं घरें पुष्कळ आहेत. तेथील लोक त्यांस 'आर. व्ही.' म्हणतात. कांहींस स्वतःचें एंजिन असतें. कांहीं मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावीं लागतात. आंत निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर, पाण्याची टाकी, असा सगळा संसार मांडलेला असतो. छतावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारीं सोलर पॅनेलें असतात, खालीं ती वीज सांठविणारी बॅटरी असते, आणि ह्या दोहोंच्या मध्यें वहीएवढी एक पेटी भिंतीला बसविलेली असते. ह्या पेटीस चार्ज कंट्रोलर म्हणतात. आपण तिला नियंत्रक म्हणूं. तो कसा निवडावा हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विद्यार्थिमित्रांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या गांवच्या रस्त्यावरील सौरदिव्याच्या खांबावर हेंच उपकरण लहान रूपानें काम करीत असतें. शिवाय ज्या पालकांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांस अशा घरांतून प्रवास करण्याचा योग केव्हांही येईल. आम्हांस तो आला, आणि त्यांत जी चूक उमगली तीच या लेखाचें निमित्त होय.

चौथी रात्र

इ. स. २०२३ च्या जानेवारींत मी व माझी पत्नी कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंकडे गेलों होतों. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक जुनें ओढतें घर विकत घेतलें होतें. वहिनींसह आम्हीं चौघांनीं ॲरिझोना राज्यांतील क्वार्ट्झसाइट या गांवाजवळच्या वाळवंटांत आठ दिवस मुक्काम करण्याचें ठरविलें. हें गांव लहानसें आहे. परंतु उत्तरेकडील हिमवर्षाव चुकविण्यासाठीं हिवाळ्यांत हजारों फिरतीं घरें त्याच्या भोंवतालच्या सरकारी जमिनीवर येऊन उतरतात. तेथील ला पोसा नांवाच्या तळावर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत दीर्घ मुक्कामाचा परवाना मिळतो. मुक्कामाच्या जागीं विजेची जोडणी मात्र नाहीं. ज्यानें त्यानें आपली वीज आपण करावी, असा तेथील रिवाज.

आमच्या घराच्या छतावर प्रत्येकी १०० वॅटचीं चार पॅनेलें होतीं. आकाश निरभ्र होतें. पहिले तीन दिवस मोठ्या आनंदांत गेले. चौथ्या रात्रीं तीनच्या सुमारास घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा अकस्मात् थांबला. भट्टी गॅसवर चालते हें खरें. पण पंखा फिरल्यावांचून ती पेटत नाहीं, आणि पंख्याला वीज लागते. बॅटरी अर्ध्याखालीं जाऊं नये म्हणून बंधूंनीं एक स्वयंचलित खटका बसविला होता, तो पडला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती. वहिनींना दम्याचा विकार आहे. अर्ध्या तासांत त्यांचा श्वास लागूं लागला. आम्हीं त्यांना ब्लँकेटांत गुंडाळून मोटारींत नेऊन बसविलें, मोटारीचें एंजिन सुरू करून आंत ऊब केली, आणि सूर्य उगवेपर्यंत सगळे तेथेंच बसून राहिलों.

सकाळीं बंधु छताकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, वर चारशें वॅट आहेत. ढग नाहीं, धूळ नाहीं. मग वीज गेली कोठें?"

या प्रश्नाचें उत्तर समजण्यासाठीं पॅनेल आणि बॅटरी यांचे स्वभाव प्रथम जाणून घेतले पाहिजेत.

पॅनेलाचा स्वभाव व बॅटरीचा स्वभाव

विजेचें काम पाण्याच्या दृष्टान्तानें लवकर ध्यानांत येतें. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब अधिक. नळ जितका मोठा तितका प्रवाह अधिक. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात व प्रवाह अँपिअरांत. ह्या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट; आणि वॅटला तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास, म्हणजेच प्रत्यक्ष मिळालेली किंवा खर्च झालेली वीज.

सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत इ. स. १९५४ मध्यें तयार झाला. पडलेल्या उन्हापैकीं शेंकडा ६ च्या आसपास भागाची तो वीज करी. आजचीं पॅनेलें त्याच्या तिपटीहून अधिक कार्यक्षम आहेत, परंतु तत्त्व तेंच. १०० वॅटच्या नेहमींच्या पॅनेलांत असे पुष्कळ घट एकापुढें एक जोडलेले असतात. त्याच्या तारा मोकळ्या ठेवल्या तर त्यांमध्यें सुमारें २२.५ व्होल्टचा दाब भरतो. त्याच्याकडून जास्तींत जास्त काम घ्यावयाचें असेल तर दाब १८ व्होल्टांवर ठेवावा लागतो. त्या वेळीं प्रवाह साडेपांच अँपिअरांच्या जवळपास असतो, आणि गुणाकार १०० भरतो. दाब त्याहून खालीं ओढला, तरी प्रवाह फारसा वाढत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. आमच्या चुकीचें मूळ तिच्यांतच आहे.

आतां बॅटरीकडे वळूं. शिसें आणि सल्फ्यूरिक ॲसिड यांची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यानें इ. स. १८५९ मध्यें शोधून काढली, आणि ती आजही लाखों मोटारींत व घरोघरच्या इन्व्हर्टरांत चालू आहे. तिला १२ व्होल्टची म्हणतात, तरी हा आंकडा नांवापुरता. अर्धी रिकामी झाली म्हणजे ती १२ च्या किंचित् वर असते, पूर्ण भरून स्वस्थ असतां १२.७ च्या सुमारास असते, आणि ती भरावयाची तर बाहेरून १४.४ व्होल्टांपर्यंत दाब द्यावा लागतो. तिचा स्वभाव मोठा काटेकोर आहे. दाब फार वेळ जास्त राहिला तर तिच्यांतील पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन तें उडून जातें आणि पत्रे झिजतात. उलट ती दिवसेंदिवस अर्धपोटीं राहिली, तर पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात व तिची धारणशक्ति कायमची घटते.

अरुंद तोंडाची घागर आपण कशी भरतों? प्रथम धार मोठी सोडतों. गळ्याशीं पाणी आलें कीं धार बारीक करतों. आणि भरल्यावर झिरपेल तेवढेंच वर घालतों. नियंत्रक बॅटरी याच रीतीनें भरतो. पहिल्या पायरीस जेवढा मिळेल तेवढा प्रवाह आंत जाऊं देतो. दाब १४.४ च्या आसपास आला कीं तो तेथेंच धरून ठेवतो, आणि प्रवाह हळूहळू कमी होत जातो. शेंवटीं दाब साडेतेराच्या सुमारास उतरवून भरलेली बॅटरी नुसती राखतो. शिवाय रात्रीं बॅटरींतील वीज उलट पॅनेलांकडे जाऊं नये, याचीही तो काळजी घेतो. सूर्य उधळ्या हातानें देणारा, आणि बॅटरी मोजून घेणारी. ह्या दोघांमधला कारभारी तो हा नियंत्रक.

नियंत्रकाच्या दोन जाती

बाजारांत हे कारभारी दोन जातींचे मिळतात. पहिल्या जातीस पी. डब्ल्यू. एम. म्हणतात. तिची रचना साधी, म्हणजे एक अति चपळ खटका. तो पॅनेल थेट बॅटरीस जोडतो, आणि बॅटरी भरत आली कीं जोड-तोड भराभर करून सरासरी प्रवाह कमी करतो. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु पॅनेल थेट जोडलें गेल्यामुळें त्याचा दाब १८ वरून बॅटरीच्या दाबापर्यंत, म्हणजे १३ व्होल्टांपर्यंत, खालीं ओढला जातो. प्रवाह मात्र साडेपांच अँपिअरच राहतो. १३ ला ५.५ नीं गुणा. सुमारें ७२ वॅट होतात. उरलेले २८ वॅट कोठें जळून जात नाहींत. ते निर्माणच होत नाहींत.

दुसऱ्या जातीस एम. पी. पी. टी. म्हणतात. ही जात पॅनेलाचा दाब त्याच्या सोयीच्या ठिकाणीं ठेवते, तें ठिकाण ऊन-सांवलीप्रमाणें बदलत असल्यानें सतत शोधीत राहते, आणि जास्त दाबाची थोडी वीज घेऊन तिची कमी दाबाची पुष्कळ वीज करून बॅटरीस देते. सायकलस्वार चढावर गिअर बदलतो. पायांचा वेग तोच राहतो, पण चाकाला जोर अधिक मिळतो. तसेंच हें. रूपांतरांत थोडी तूट येते. तरी १०० पैकीं ९० हून अधिक वॅट बॅटरीच्या दारांत पोंचतात.

कागदावर हा फरक मोठा दिसतो. प्रत्यक्षांत तो हवामानावर अवलंबून असतो. ऊन तापलें म्हणजे पॅनेलाचा दाबही उतरतो. कडक उन्हाळ्यांत तो १५ व्होल्टांच्या आसपास येतो, तेव्हां दोन्ही जातींत अंतर थोडेंच उरतें. थंड हवेंत, आणि बॅटरी बरीच रिकामी असतांना, दुसऱ्या जातीचा लाभ सर्वांत अधिक होतो. म्हणजे ज्या ऋतूंत दिवस लहान व गरज मोठी, नेमका त्याच ऋतूंत ती उपयोगी पडते.

त्या सकाळीं शेजारच्या घरांतील एक वृद्ध गृहस्थ आपला मीटर घेऊन आमच्या मदतीस आले. ते पूर्वी विजेचें काम करीत असत. दुपारीं बारा वाजतां त्यांनीं पॅनेलांकडून येणारा प्रवाह मोजला आणि बॅटरींत जाणाराही मोजला. दोन्ही आंकडे सारखे निघाले. ते म्हणाले, "हा साधा नियंत्रक आहे. दुसऱ्या जातीचा असता, तर बॅटरीकडचा आंकडा मोठा दिसला असता." ही परीक्षा वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण वर एक जात छापलेली व आंत दुसरीच जात भरलेली, असा स्वस्त मालही विकला जातो. बंधूंनीं दुकानांत एवढेंच विचारलें होतें कीं, 'हा चारशें वॅटला चालेल ना?' दुकानदारानें 'चालेल' म्हणून सांगितलें, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. नियंत्रक चालतच होता. पण चालणें आणि पुरणें यांत अंतर आहे.

हिशेब रात्रीपासून मांडावा

तर मग खरेदीचा विचार कोठून सुरू करावा? बहुतेक लोक छतापासून करतात. आम्हींही तसाच केला होता. तो रात्रीच्या गरजेपासून केला पाहिजे. त्या दुपारीं आम्हीं कागद घेऊन बसलों. फ्रिजला चोवीस तासांत ५०० वॅट-तास, भट्टीचा पंखा ८५ वॅटचा, तो एकूण चार तास फिरतो, म्हणून ३४०, दिव्यांस १००, फोन व लॅपटॉप मिळून १४०, पाण्याच्या पंपास २०. एकूण बेरीज ११०० झाली.

आतां जमेची बाजू पाहूं. पॅनेलावर जे वॅट छापलेले असतात ते दर चौरस मीटरवर १००० वॅट इतकें ऊन पडत असतां आणि घटांची उष्णता २५ अंश सेल्सिअस असतां. असें पूर्ण ऊन दिवसभर कोठेंच नसतें. डिसेंबरअखेर मुंबईस दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर येतो. क्वार्ट्झसाइट बरेंच उत्तरेस असल्यानें तेथें तो ३३ अंशच वर येतो. सपाट छतावर त्याचें ऊन तिरपें पडतें. सबंध दिवसाचें ऊन एकत्र केलें, तर जानेवारींत तेथें साडेतीन तासांच्या पूर्ण उन्हाइतकें धरावें. ४०० गुणिलें साडेतीन, म्हणजे १४००. त्यांतून उष्णता, धूळ, तारा व बॅटरी यांची मिळून चौथाई तूट वजा करा, १०५० उरतात. चांगल्या नियंत्रकानें ही रक्कम हातीं आली असती. साध्या नियंत्रकामुळें तींतून आणखी पंचमांश गेला, आणि ८४० वॅट-तास राहिले.

खर्च ११००, जमा ८४०. रोजची तूट २६०. बॅटरींत एकूण २६४० वॅट-तास मावत होते. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करूं नये, या नियमानें वापरावयास १३२० मिळतात. तीन दिवसांची तूट ७८०, आणि चौथ्या रात्रीं सूर्यास्तापासून तीन वाजेपर्यंतचा खर्च सुमारें ५००. बेरीज करून बंधु कांहीं वेळ कागदाकडे पाहत राहिले. खटका पडण्याची वेळ आमच्याच हिशेबांत लिहिलेली होती. तो हिशेब आम्हीं मात्र चार दिवस उशिरां केला.

दुसऱ्या जातीचा नियंत्रक असता तर रोजची तूट ५० झाली असती. आठ दिवसांत ती ४०० भरती, आणि आठवी रात्रही उजाडेपर्यंत निभावली असती.

पेटीवरील दोन आंकडे

दुसऱ्या जातीच्या कित्येक नियंत्रकांवर १००/३० किंवा १५०/३५ असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा पॅनेलांकडून येणारा दाब किती व्होल्टांपर्यंत सोसेल हें सांगतो. दुसरा बॅटरीस जास्तींत जास्त किती अँपिअर देतां येतील हें सांगतो. ह्या दोन आंकड्यांस सारखें महत्त्व देणें ही मोठी चूक आहे. पॅनेलांची शक्ति थोडी अधिक झाली, तर चांगला नियंत्रक प्रवाह आपल्या मर्यादेंत आवरून धरतो. थोडी वीज हुकते, इतकेंच. परंतु दाबाची मर्यादा ओलांडली, तर नियंत्रकच जळतो.

प्रवाहाचा आंकडा काढणें सोपें आहे. ४०० वॅटला बॅटरीच्या १३ व्होल्टांनीं भागलें तर ३१ येतात. आणि तूट धरली तर ३० अँपिअरचा नियंत्रक पुरतो. पुढें आणखी पॅनेलें चढवावयाचीं असतील, तर आजच ५० चा घ्यावा. साध्या जातीचा नियंत्रक घेणाऱ्यानें पॅनेलांवर लिहिलेला सर्वांत मोठा प्रवाह एकत्र करून त्यांत चौथाई मिळवावी, आणि त्याहून लहान नियंत्रक घेऊं नये.

दाबाचा आंकडा काढतांना मात्र मन लावावें. समजा, चारही पॅनेलें एकसर, म्हणजे एकापुढें एक जोडलीं. प्रत्येकाचा मोकळा दाब साडेबावीस, चौघांचा ९०. नियंत्रक १०० चा आहे, मग भीति कसली, असें कोणीही म्हणेल. पण थंडींत पॅनेलाचा दाब चढतो. २५ अंशांच्या खालीं दर अंशास तो शेंकडा ०.३ च्या सुमारास वाढतो. त्याच ॲरिझोनांत फ्लॅगस्टाफ हें सुमारें २१०० मीटर उंचीवरचें गांव आहे. तेथें हिवाळ्यांत एखाद्या पहाटे पारा शून्याखालीं २० अंशांवरही जातो. २५ पासून तेथपर्यंत ४५ अंश झाले. वाढ शेंकडा साडेतेरा. ९० चे १०२ झाले! सूर्याचा पहिला किरण पडतांच, पॅनेलें अजून गारठलेलीं असतांनाच, नियंत्रक कामांतून जावयाचा. यासाठीं आपण ज्या सर्वांत थंड ठिकाणीं जाण्याचा संभव आहे, तेथील सर्वांत थंड पहाट धरून हा आंकडा काढावा, आणि वर थोडी जागा शिल्लक ठेवावी.

पॅनेलांची जोडणी

चारही पॅनेलें समांतर जोडलीं, तर दाब एकट्या पॅनेलाचा राहतो व प्रवाह चौघांचा मिळून २२ अँपिअर होतो. एवढ्या प्रवाहास जाड तार लागते, व तारेंत वीज वायां जाते. एकसर जोडलीं तर तार बारीक चालते. परंतु छतावरील वातानुकूलन यंत्राची सांवली एका पॅनेलावर पडली, कीं सगळ्या रांगेच्या कामांत व्यत्यय येतो. पॅनेलांच्या मागें बसविलेले डायोड सांवलींतील भाग वगळून प्रवाहास वाट करून देतात. तरी नुकसान पूर्णपणें टळत नाहीं.

आम्हीं मधला मार्ग धरला. दोन-दोन पॅनेलें एकसर जोडून अशा दोन रांगा समांतर केल्या. दाब ४५ व्होल्ट, कडाक्याच्या थंडींतही ५१. म्हणजे १०० च्या आंत निर्धास्त. प्रवाह २२ चा ११ झाला. तारेंतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, म्हणून तें चौथ्या हिश्शावर आलें. ज्यांस तीन किंवा अधिक रांगा समांतर जोडावयाच्या असतील, त्यांनीं प्रत्येक रांगेस वेगळा फ्यूज घालावा. नाहीं तर एक रांग बिघडतां बाकीच्यांचा प्रवाह तिच्यांत शिरून आग लागण्याचें भय असतें.

बॅटरी कोणती आहे?

नियंत्रक घेतांना त्यास आपल्या बॅटरीची भाषा येते कीं नाहीं हेंही पाहावें. पाणी घालावयाची शिशाची बॅटरी, बंद शिशाची बॅटरी, आणि अलीकडे प्रचारांत आलेली लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी, ह्या तिघींचे दाब वेगळे आहेत. बॅटरी बनविणाऱ्यानें दिलेले आंकडे नियंत्रकांत भरतां आले पाहिजेत.

शिशाच्या बॅटरीला थंडींत थोडा अधिक दाब व उष्म्यांत थोडा कमी दाब लागतो. बॅटरी ५ अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या मानानें सुमारें अर्धा व्होल्ट अधिक. हें काम स्वतः करणारा नियंत्रक घ्यावा, आणि त्याचा उष्णतामापक बॅटरीस चिकटवून ठेवावा. लिथियमच्या बॅटरीस हा चढउतार नको असतो. तसेंच शिशाच्या बॅटरीस मधून मधून मुद्दाम जास्त दाब देऊन तिचे सर्व घट समान करण्याची सोय नियंत्रकांत असते. ती लिथियमसाठीं बंद ठेवावी. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ असून, तिच्यांतील बहुतेक सर्व वीज वापरतां येते. परंतु शून्य अंशाखालीं ती वापरतां आली, तरी भरतां येत नाहीं. त्या थंडींत भरली तर आंत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. म्हणून बर्फाच्या मुलखांत जाणाऱ्यानें शून्याखालीं भरणें आपोआप थांबविणारी योजना बॅटरींत किंवा नियंत्रकांत आहे, याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

बसवितांना घ्यावयाची काळजी

नियंत्रक बॅटरीच्या जवळ, जाड व आंखूड तारेनें जोडावा; परंतु पाण्याच्या बॅटरीच्या अगदीं डोक्यावर बसवूं नये, कारण भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघतो आणि तो ज्वालाग्राही आहे. पेटीच्या भोंवतीं हवा खेळती असावी. ती फार तापली कीं आपण होऊन काम कमी करते. बॅटरी व नियंत्रक यांच्या मध्यें फ्यूज अवश्य घालावा. जोडतांना बॅटरी आधीं व पॅनेलें मागाहून जोडावींत. सोडतांना पॅनेलें आधीं व बॅटरी शेंवटीं सोडावी. कारण आपण किती व्होल्टच्या बॅटरीशीं बांधलेले आहों, हें नियंत्रक बॅटरीकडूनच ओळखतो. आणि नियंत्रकावर दिव्यांसाठीं जी लहान जोडणी असते, तिच्यावर इन्व्हर्टरसारखें मोठें ओझें कधींही घालूं नये. तें थेट बॅटरीस फ्यूजमधून जोडावें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं महाग जातच नेहमीं घ्यावी. तसें नाहीं. ज्याच्या छतावर १०० वॅटचें एकच पॅनेल आहे, जो उन्हाळ्यांतच दोन दिवस बाहेर पडतो, आणि ज्यास दोन दिवे व फोन यांपलीकडे गरज नाहीं, त्यानें साधा नियंत्रक घ्यावा व उरलेले पैसे चांगल्या तारेंत घालावे. हिशेबांत जेथें तूट दिसते तेथेंच खर्च करावा. जेथें दिसत नाहीं तेथें केलेला खर्च ही हौस होय.

समारोप

सारांश, क्रम असा ठेवावा. प्रथम एका दिवसाचा व एका रात्रीचा खर्च वॅट-तासांत लिहावा. मग ज्या महिन्यांत जावयाचें त्या महिन्याचें ऊन धरून जमा काढावी, आणि वजाबाकी पाहून नियंत्रकाची जात ठरवावी. त्यानंतर सर्वांत थंड पहाटेचा दाब व सर्वांत मोठा प्रवाह काढून पेटीवरील दोन आंकडे ताडून पाहावे. बॅटरीचा प्रकार जुळतो कीं नाहीं तें पाहावें. किंमत सर्वांत शेंवटीं विचारावी. यांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपलीकडचें गणित नाहीं. सातवींतील विद्यार्थ्यास तें सहज करतां येईल, आणि त्यानें तें आपल्या वडिलांस करून दाखवावें.

बंधूंनीं तसा कागद केला, १००/३० चा नियंत्रक आणविला, आणि इ. स. २०२४ च्या जानेवारींत ते व वहिनी पुन्हां त्याच वाळवंटांत आठ दिवस राहून आले. परत आल्यावर वहिनींचा आम्हांस फोन आला. वाळवंटांतील चांदणें, शेजारचे ते वृद्ध गृहस्थ, बाजारांतील रंगीत दगड, अशा पुष्कळ गोष्टी त्यांनीं सांगितल्या. भट्टीच्या पंख्याविषयीं त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. आठही रात्रीं तो फिरत होता, आणि त्याची आठवण होण्याचें त्यांना कारणच पडलें नव्हतें.